जावळाआधीचं हेल्मेट

हेल्मेट घेण्याआधी मी डोक्याचं माप घेतलं, केसांचं घेतलं नाही. चूक म्हणाल तर एवढीच. पण एवढ्याशा चुकीपायी मला परिवहन कचेरीची पायरी चढावी लागली, बिरोबापर्यंत फोन लावावा लागला आणि चांगली चालू असलेली मोटारसायकल भर माळावरून ढकलत न्यावी लागली. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माप चोख होतं. माझी लेक स्वरूपा दुपारची झोपली असताना तिच्या केसांच्या रानात मी शिवणाची टेप घातली, आतल्या आत कवटीला लावून फिरवली आणि आकडा तळहातावर लिहिला. इथं बारामतीत एका दूध संघाच्या कचेरीत मी जावक विभागाचा प्रमुख आहे. विभागात मी एकटाच आहे, पण प्रमुख आहे. पत्र असो, पार्सल असो की दुधाचा टँकर, संघाबाहेर पडणारी प्रत्येक गोष्ट माझ्या सहीनं बाहेर पडते. मग घरातलं साडेतीन वर्षांचं लेकरू पहिल्यांदा रस्त्यावर सोडायचं, ते बिनमापाचं कसं सोडणार?

दुकानदार म्हणाला होता, पोरीला घेऊन या, घालून बघू. मी त्याला तळहात दाखवला. त्यानं तळहाताकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि निळ्या रंगाचं, सशाचं चित्र असलेलं एक हेल्मेट मुकाट्यानं बांधून दिलं. लेकराला चालवणाऱ्याच्या पाठीशी बांधायचा पट्टाही दिला.

घरी येऊन मी ते समारंभपूर्वक स्वरूपाच्या डोक्यावर ठेवलं. ठेवलंच म्हणायचं, कारण ते आत गेलं नाही. कडब्याच्या गंजीवर कुणी तांब्या ठेवावा तसं ते केसांवर बसून राहिलं. तिनं मान हलवली, हेल्मेट गडगडत पलंगाखाली गेलं, आणि ती टाळ्या पिटून म्हणाली, "परत."

स्वरूपाचं जावळ अजून निघालेलं नव्हतं. जन्मल्यापासून त्या केसांना कात्री लागलेली नव्हती. दाटपणा तिच्या आईकडचा, कुरळेपणा आमच्याकडचा, आणि स्वभाव कुणाचा ते अजून ठरायचं होतं. उन्हात ती पळत आली की आधी केस यायचे आणि मग पोर यायची.

आता कुणी म्हणेल, कापायचे मग. पण ती पोटात असताना माझ्या आईनं, तानूबाईनं, बिरोबाला नवस बोललेला होता. लेकरू सुखरूप होऊ दे, त्याचं पहिलं जावळ तुझ्याच माळावर, मामाच्या मांडीवर काढीन. एवढ्यावर थांबेल तर ती आई कसली. पुढं तिनं घातलंच, की लेकराला पायी आणायची न्हाय, स्वारीवरनं आणीन. आमच्याकडं मेंढरं होती तेव्हाची ही रीत. जावळाच्या दिवशी लेकरू घोड्यावर आणि लगाम मामाच्या हातात. पुढं मेंढरं गेली, घोडी गेली, कालव्याचं पाणी आलं, शेती आली, नोकऱ्या आल्या, आणि घोड्याच्या जागी मोटारसायकल कधी येऊन बसली ते देवालाही कळलं नाही. माझं स्वतःचं जावळ मामाच्या राजदूतवरून गेलेलं आहे. टाकीवर बसून. आई ते अजून अभिमानानं सांगते.

आमच्या पोरीचा मामा म्हणजे माझा मेहुणा ऋतिक. मूळचा बावड्याचा, नोकरी चाकणला. त्याला रजा मिळाली की मुहूर्त नसायचा, मुहूर्त असला की रजा नसायची. असं करत जावळ साडेतीन वर्षं लांबलं.

आणि या सगळ्यावर रोहिणीचा कायदा. रोहिणी, माझी बायको, एका दवाखान्यात परिचारिका आहे. जखमा बांधायच्या खोलीत तिची नेमणूक असते. स्वरूपा रांगायला लागली होती त्या सुमाराची गोष्ट. रोहिणी एका संध्याकाळी कामावरून आली ती थेट न्हाणीघरात गेली आणि फार वेळ बाहेरच आली नाही. आल्यावर केस पुसत एवढंच म्हणाली, "हेल्मेट आणि पट्टा असल्याबिगर ही गाडीवर बसायची नाही. टाकीवर तर कधीच नाही." काय झालं म्हणून मी विचारलं. ती स्वयंपाकाला लागली. तेव्हापासून आमची पोर एसटीनं हिंडली, रिक्षानं हिंडली, टोमॅटोच्या क्रेटांबरोबर पिकअपमधनंही हिंडली. मोटारसायकलवर मात्र नाही. आमच्या भागात हे म्हणजे मासळीला पाणी वर्ज्य करण्यासारखं आहे. इथं लेकरू आधी टाकीवर बसतं, मग जमिनीवर.

पण आता शाळा सुरू होत होती. रोहिणीची सकाळची पाळी, शाळेच्या रिक्षेत जागा नाही. सोडायचं मीच, आणि गाडीवरूनच. म्हणजे हेल्मेट घालायचं तर जावळ काढायला हवं. जावळ काढायचं तर बिरोबाला जायला हवं. बिरोबाला स्वारीवरूनच जायला हवं. आणि स्वारीवर बसायचं तर हेल्मेट हवं. मी कागदावर बाण काढून पाहिले. शेवटचा बाण फिरून पहिल्याच्या शेपटीत शिरला. संघात असलं प्रकरण आलं की आम्ही ते 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' पुढच्या टेबलावर सारतो. घरात पुढचं टेबल नव्हतं.

शेजार मात्र होता. समोरच्या घरातले आबासाहेब, कारखान्यातून निवृत्त झालेले फोरमन, हेल्मेट हातात घेऊन बराच वेळ वाजवून बघत बसले. त्यांच्या मते मुळात याची गरजच नव्हती. "अजितराव, आमी चार पोरं एका स्कूटरवर वाढवली. एक पुढं उभं, एक माझ्या मांडीला, एक हिच्या मांडीला आणि थोरलं स्टेपनीवर. कुठं काय झालं?"

आतून त्यांच्या पत्नीचा, संजीवनीकाकूंचा आवाज आला, की धाकट्याच्या पुढच्या दातांचंही सांगा.

"ते दुधाचे होते," आबासाहेब म्हणाले. "परत आले."

संजीवनीकाकू मग स्वतःच पुढं सरसावल्या. त्यांनी स्वरूपाला पाटावर बसवलं, वाटीभर तेल घेतलं आणि सगळ्या केसांच्या बारीक बारीक वेण्या घालून त्या डोक्याला चापून बसवल्या. सकाळी बसलेली पोर जेवणवेळेला उठली. हेल्मेट गेलं. आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला. मग काढायला गेलो, तर ते निघेना. ओढलं की पोर बरोबर येई. त्या दिवशी स्वरूपा हेल्मेट घालून जेवली, हेल्मेट घालून झोपली, उठून हेल्मेट घालूनच आरशासमोर नाचली. तिच्या आयुष्यातला तो फार सुखाचा दिवस असावा. संध्याकाळी रोहिणी आली, तिनं कडेनं तेल सोडत वेण्या एकेक करून बाहेर काढल्या, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, असं न निघणारं हेल्मेट पुढं कुणाला काढावं लागतं ते तिला ठाऊक आहे.

वेण्या संपल्या. मग माझं मोठं हेल्मेट घालून पाहिलं. त्यात ती केसांसकट मावली, पण तिनं मान मागं वळवली तरी हेल्मेट पुढंच बघत राहिलं. शेवटचा उपाय आबासाहेबांचा होता: हेल्मेटाला भोकं पाडायची आणि केस बाहेर काढायचे. ते ड्रिल मशीन घेऊन आले तेव्हा रोहिणी दारात उभी होती. आबासाहेबांनी तिच्याकडं पाहिलं, मशीनकडं पाहिलं, आणि आणलंच आहे तर म्हणून आमच्या पडद्याचा दांडा बसवून दिला. तो तेवढा अजून मजबूत आहे.

आता नियमालाच विचारावं म्हणून मी अर्धी रजा टाकून परिवहन कचेरीत गेलो. ही खिडकी, ती खिडकी करत एका साहेबांसमोर पोहोचलो. माणूस भला होता. त्यांनी नियम काढून वाचून दाखवला: नऊ महिन्यांच्या वरचं आणि चार वर्षांपर्यंतचं मूल असेल तर हेल्मेट, पट्टा आणि वेग चाळिशीच्या आत. मी विचारलं, जावळाबद्दल काही? त्यांनी पान उलटं-सुलटं करून पाहिलं. केसांचा उल्लेखच नव्हता. कुणाचं जावळ, कुठं जायचं, सगळी चौकशी त्यांनी केली, चहा मागवला, आणि चहा संपल्यावर म्हणाले, "अधिकारी म्हणून सांगतो, हेल्मेट घाला. बाप म्हणून सांगतो, हेल्मेट घाला. आणखी कोण म्हणून सांगू बोला, त्याही नात्यानं हेच सांगीन."

सरकारनं असं प्रेमानं हात वर केल्यावर देव उरला. बिरोबाचे पुजारी आमच्या भावकीतले. त्यांना फोन लावला. जावळ घरीच काढून केस तेवढे देवाला आणून वाहिले तर चालंल का? पलीकडं मेंढराची घंटी वाजली, कुणीतरी खोकलं, मग पुजारी म्हणाले की हे त्यांच्या हातात न्हाय, देवाला कौल लावावा लागंल, आणि कौलाला लेकरू समक्ष पायजे. देव आणि कचेऱ्या यांचं आपसात काही बोलणं झालेलं असावं.

त्यातच ऋतिकचा फोन आला, की दाजी, शनवारची रजा मंजूर झाली, मुहूर्तबी हाय. शाळा सोमवारी सुरू होणार होती. हा शनिवार गेला की पुढची रजा दिवाळीला. आबासाहेबांनी तेवढ्यात इंदापूरचा वरातीचा घोडा सुचवला. पण तो हलगी ऐकू आली की जागच्या जागी नाचतो, आणि बिरोबाच्या माळावर ढोल ऐकू येणार हे नक्की. शिवाय रोहिणीनं विचारलं, घोड्यावरून पडलं तर डोकं फुटत नाही का?

आई भिंतीला टेकून शेंगा सोलत होती. घोड्याचं नाव निघाल्यावर तिचे हात थांबले. आमच्या पिढीनं जे कधी पाहिलं नाही ते ती सांगू लागली: घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोकरं, कोकरांत लेकरं, आणि पुढं मागं नुसती चालणारी पांढरी-काळी पाठ. "पर घोडं पळत न्हवतं रं," ती म्हणाली. "मेंढराच्या चालीनं चालायचं. लेकरू निजून जायचं वर."

तिथं माझ्या डोक्यात उजेड पडला. हे श्रेय मी कुणाला देणार नाही. म्हटलं, स्वारी म्हणजे पळलीच पाहिजे असं नवसात कुठं आहे? गाडी बंद ठेवायची. मामानं हँडल धरून पुढं ओढायची, मी मागून ढकलायची, रोहिणीनं बाजूनं पोरीला धरायचं. इंजिन बंद, वेग मेंढराचा. रोहिणी बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. लग्नानंतर तिनं इतका वेळ माझ्याकडं पाहिल्याचं मला आठवत नाही. "चालंल," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी आम्ही एसटीनं फाट्यावर उतरलो. ऋतिक बावड्याहून आपली गाडी घेऊन आलेला होता. धुऊन, पुसून, हँडलला झेंडूचा हार. स्वरूपाला सीटवर बसवलं. एका बाजूनं रोहिणी, पुढं हँडल धरून मामा, मागं मी, आणि सगळ्यांच्या मागं नऊवारीचा काचा मारलेली आई. फाट्यापासून बिरोबाच्या माळापर्यंत तासाभराची वाट, चढाची, गोट्यांची. मोटारसायकल ही वस्तू किती जड आहे याची कल्पना तिच्यावर बसून येत नाही.

पहिला शेतकरी भेटला. "पेट्रोल संपलं व्हय?" मी थांबून त्याला नवस, जावळ, हेल्मेट, नियम, सगळं समजावून सांगितलं. तो ऐकून घेऊन निघून गेला. दुसऱ्याला मी नुसतं जावळापर्यंत सांगितलं. तिसऱ्याला म्हटलं, व्हय. तो आमच्याच रस्त्यानं उलटा फिरला आणि थोड्या वेळानं बाटलीभर पेट्रोल घेऊन आला. नको म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. लेकीबाळीसाठी आणलंय, म्हणाला, पैसं मागितलं का? ऋतिकनं टाकी उघडून ते ओतलं. गाडी तेवढी आणखी जड झाली.

पुढच्या वळणावर एक मेस्त्रीच आडवा आला. त्याला बाटलीवाल्यानं पाठवलं होतं. त्यानं आमचं काही ऐकलं नाही. प्लग काढला, फुंकला, पुसला, परत बसवला, आणि बटण दाबताच गाडी भुर्रकन चालू झाली. त्याच्या तोंडावर जो आनंद होता तो मोडायची आमच्यातल्या कुणाची छाती झाली नाही. आम्ही त्याचे आभार मानले. तो टेकाडाआड दिसेनासा होईपर्यंत गाडी तशीच चालू ठेवून भोवती उभे राहिलो, मग बंद केली आणि पुन्हा ढकलायला लागलो. एका विभागप्रमुखाला हे दिवस पाहावे लागतात.

आणि मग माळाच्या वरच्या अंगानं मेंढरं आली.

कोकणातून परतणारा धनगरांचा वाडा असावा. आधी धूळ दिसली, मग घंट्या ऐकू आल्या, मग अख्खी टेकडीच खाली सरकू लागल्यासारखं झालं. आम्हाला बाजूला व्हायला वेळच मिळाला नाही. बघता बघता मेंढरं आमच्या दोन्ही अंगांनी वाहू लागली. ओढ्यातल्या दगडाला पाण्यानं वळसा घालून जावं तशी, न थांबता, एकमेकांच्या पाठीवर हनुवटी ठेवून. मधोमध मोटारसायकल, तिच्यावर केसांचा केवढा तरी पिसारा लेऊन बसलेली माझी पोर. तिनं दोन्ही हात आईच्या खांद्यावर ठेवले होते आणि तोंड उघडं होतं. ती हसली नाही, काही विचारलं नाही. एवढ्या जिवंत पाठी एकाच वेळी एकाच दिशेला चाललेल्या तिनं कधी पाहिल्या नव्हत्या. मीही नव्हत्या. माझ्या आज्याचं सगळं आयुष्य यात गेलं, आणि मी जावकेत सह्या करत होतो.

वाड्यामागून एक म्हातारा मेंढका आला. तांबडा पटका, खांद्यावर घोंगडं. त्यानं गाडीकडं पाहिलं, हँडलला धरलेल्या मामाकडं पाहिलं, केसांकडं पाहिलं. या एकाच माणसानं पेट्रोलचं विचारलं नाही. त्यानं कमरेची पिशवी सोडली, चिमूटभर भंडारा पोरीच्या कपाळाला लावला, चिमूटभर गाडीच्या दिव्याला लावला, आणि आपल्या मेंढरांमागं निघून गेला. माझ्यामागं आईनं ओवी धरली होती. जात्यावरचा आवाज, कित्येक वर्षांत न ऐकलेला:

मामानं लगाम धरला, माळाला फुटली वाट
सरूपाच्या स्वारीम्होरं मेंढरांची आली लाट

वर पोहोचेपर्यंत माझे पाय माझे राहिले नव्हते. न्हावी तयार होता. ऋतिक मांडी घालून बसला, स्वरूपा त्याच्या मांडीवर बसली. ती रडेल म्हणून आम्ही खाऊ, खुळखुळा, मोबाइल, सगळं घेऊन सज्ज होतो. ती रडली नाही. मेंढरं तिच्या डोळ्यांतून अजून चाललेली असावीत. केस उतरत गेले, आणि त्या सगळ्या रानातून हळूहळू एक एवढंसं डोकं बाहेर आलं. दुधी भोपळ्यासारखं कोवळं. उजव्या कानामागं तिळाएवढा एक तीळ निघाला. तो जन्मापासून तिथं होता. आमच्या घरात, आमच्या उशीवर, आणि आम्हा कुणाला ठाऊक नव्हता. रोहिणीनं त्याला बोट लावलं. आबाळातनं चांद निघाला गं, असं काहीसं आई पुटपुटली आणि पदर डोळ्यांना लावला.

ढोल वाजले, भंडारा उधळला, जेवणं झाली. परतीला पिशवीतनं हेल्मेट काढून घातलं तर ते चपखल बसलं. माझं माप चोखच होतं. पण माळ गोट्यांचा, म्हणून उतरताना मामानं तिला खांद्यावर घेतलं.

पहिली खरी फेरी रविवारी संध्याकाळी ठरली. आमच्या गल्लीत ती सर्वांना ठाऊक झाली होती. संजीवनीकाकूंनी नारळ आणला, आबासाहेबांनी चाकांतली हवा स्वतः तपासली. रोहिणीनं स्वरूपाला माझ्यामागं बसवलं, पट्टा माझ्या छातीवरून घेऊन घट्ट केला, हेल्मेटाची कडी टक्कन लावली. मग पुन्हा एकदा ओढून पाहिली. मी गाडी सुरू केली.

मी वीस वर्षं गाडी चालवतोय. त्या संध्याकाळी कळलं की मी ती कधी चालवलीच नव्हती, नुसता तिच्यावर बसून कुठं कुठं गेलो होतो. माझ्या पाठीला एक दुसरं काळीज बांधलेलं होतं आणि ते शर्टातून लागत होतं, टुकटुक, टुकटुक. वेगाचा काटा विसावर होता. वीस म्हणजे काय असतं ते मला पहिल्यांदा दिसलं. झाडं येत होती आणि जात होती. खडी चकाकत होती. रस्त्याचं आपलं एक अंग असतं, कठीण, खरखरीत, आणि ते माझ्या पोरीच्या पावलांखालून हातभर अंतरावर सळसळत चाललं होतं. मला वाटत होतं मी उडतोय, आणि मला उडता येत नाही.

चौकाच्या अलीकडं आमच्या संघाचा टँकर शेजारी आला. रोज माझ्या सहीनं सुटणारा टँकर, नंबर मला तोंडपाठ. चालवणारा महिपती तर इतका सबुरीचा, की मांजर आडवं गेलं तरी थांबून त्याला वाट देतो. त्यानं भरपूर अंतर ठेवलं, हात केला आणि सावकाश पुढं गेला. त्याचं मागचं चाक आमच्या शेजारून गेलं. ते माझ्या पोरीहून उंच होतं.

"बाबा, केवढं!" ती मागून म्हणाली. हरखून.

मी गाडी कडेला घेतली आणि बंद केली. महिपतीचं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं नव्हतं. हेल्मेट बसलेलं होतं, पट्टा घट्ट होता, वेग नियमाच्या निम्मा होता. कुणाचंच काहीही चुकलं नव्हतं, आणि चाक तरीही तेवढंच होतं.

थांबलं का, म्हणून ती विचारत होती. मी पट्टा सोडला, तिला उतरवलं आणि गाडी ढकलत घरी निघालो. ती शेजारून चालत, हेल्मेट घालून, रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाला आपलं सशाचं चित्र दाखवत. गल्ली तशीच उभी होती, नारळाची शेरणी प्रसाद म्हणून वाटायची राहिलेली. आबासाहेबांनी विचारलंच, पेट्रोल संपलं का. मी व्हय म्हटलं. आता मला त्याची सवय झाली आहे.

रोहिणीनं पायरीवर बसून स्वरूपाच्या हेल्मेटाची कडी काढली, तिला आत पिटाळलं आणि हेल्मेट मांडीवर घेऊन बसली. सशाच्या चित्रावरून बोट फिरवत म्हणाली, "त्या दिवशी दवाखान्यात आणलेली पोर टाकीवर बसली होती. एवढीच होती, सरूएवढी. बाप सगळ्यांना सांगत होता, मी हळूच चालवत होतो. डॉक्टरांना सांगितलं, वॉर्डातल्या मामांना सांगितलं, झाडणाऱ्या बाईला सांगितलं. मला दोनदा सांगितलं. आणि तो खरं सांगत होता."

मी तिच्या शेजारी बसलो. मीही हळूच चालवत होतो, हे मी तिला सांगितलं नाही.

आता आम्ही शाळेला चालत जातो. गाडीवर जे अंतर पाच मिनिटांचं होतं ते पाऊण तासाचं आहे, कारण वाटेत मुंग्या असतात, एक पांढरं कुत्रं असतं, आणि पाटाला पाणी असलं तर थांबून त्याच्याशी बोलावं लागतं. संघात मला रोज उशीर होतो आणि साहेबांनी कारण विचारलंय. शेजारून जाणारे टाकीवर एक, मागं दोन अशी पोरं घेऊन थांबतात आणि म्हणतात, "या की सर, सोडतो, का चालत निघालाय?" त्यांना काय सांगू? नवसापासून सुरुवात करावी लागेल. मी हात जोडतो.

स्वरूपाचा मात्र राग आहे. ती गाडी कधी म्हणून रोज विचारते. मी म्हटलं, मोठी झालीस की. केवढी? समोर चौकातल्या चहाच्या टपरीपाशी संघाकडं निघालेला महिपतीचा टँकर उभा होता. म्हटलं, त्या चाकापेक्षा.

तेव्हापासून सकाळी तिथं थांबणं आलं. महिपती आधी टँकरची किल्ली काढून माझ्या हातात देतो, त्याशिवाय मी तिला जवळ जाऊ देत नाही. ती दप्तर उतरवते, चाकाला पाठ लावते, टाचा जमिनीला टेकवते. लबाडी करत नाही, हे मला कबूल केलं पाहिजे. तिच्या डोक्यावर आता बोटभर नवे केस आले आहेत, ते महिपती तळहातानं दाबून बसवतो आणि तोच हात सरळ मागं चाकाला लावून बघतो. पोर श्वास धरून उभी असते. मीही.

"न्हाय बाय," तो म्हणतो. "आजून चाकच मोठं."

ती हिरमुसून दप्तर उचलते. मी किल्ली परत देतो, तिचं बोट धरतो, आणि तिला कळू न देता त्या चाकाला मनातल्या मनात हात जोडून शाळेच्या वाटेला लागतो.